एका ट्रेडिंग सिस्टिमची उलटतपासणी

बाजार वर जायला लागला की घ्यायचं, उतरायला लागला की बाहेर पडायचं. हा सल्ला न ऐकलेला गुंतवणूकदार नसेल, आणि नुसत्या याच सल्ल्यावर पैसे केलेला माणूसही सहसा भेटत नाही. सल्ला खोटा नाही, अर्धवट आहे. वर जायला लागला म्हणजे कोणत्या भावाच्या वर? किती दिवसांतला? घ्यायचं म्हणजे किती, आणि कोणत्या वेळी? उतरायला लागला हे कशावरून ठरवायचं? या प्रश्नांची उत्तरं इतकी नेमकी लिहून काढली की एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी तोच तक्ता पाहून त्याच दिवशी तोच सौदा करावा, तर तिला मेकॅनिकल ट्रेडिंग सिस्टिम म्हणता येईल. संगणक असला तर काम झटपट होतं, पण त्याच्यावाचून अडत नाही. अमेरिकेत रिचर्ड डॉन्चियन यांनी १९४९ साली लोकांच्या पैशांवर चालणारा फ्युचर्स फंड काढला, आणि नियमांवर चालणाऱ्या सौद्यांचा मोठा प्रवाह त्यांच्यापासून सुरू झाला. गेल्या चार आठवड्यांतला सर्वांत वरचा भाव ओलांडला की खरेदी, हा त्यांचा प्रसिद्ध नियम कागद-पेन्सिलीवर चालवता येई.

पुढे १९८३ मध्ये शिकागोच्या रिचर्ड डेनिस यांची आपले सहकारी विल्यम एकहार्ट यांच्याशी पैज लागली: ट्रेडिंग शिकवता येतं की ते अंगातच असावं लागतं? डेनिस यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन माणसं निवडली, त्यांना थोडे दिवस नियम शिकवले आणि स्वतःचे पैसे चालवायला दिले. हेच ते गाजलेले ‘टर्टल’. त्यांच्या नियमांच्या मुळाशी डॉन्चियन यांचीच कल्पना होती; २० आणि ५५ दिवसांचे उच्चांक, आणि सौद्याचा आकार ठरवण्याची काटेकोर रीत.

ही जुनी कल्पना आपल्या निफ्टीवर आणून तपासायची तर काय काय करावं लागतं, ते क्रमाने पाहू. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करतो. बहुतेक जण चाचणी घेतात ती आपल्या कल्पनेचे वकील होऊन. मिळेल तो पुरावा तिच्या बाजूने मांडत जातात. चाचणी घ्यायची असते ती समोरच्या पक्षाचा वकील होऊन. कल्पना खोडून काढण्याचा मनापासून प्रयत्न करायचा, आणि तरीही ती उभी राहिली तरच तिच्यावर थोडे पैसे लावायचे.

पहिला प्रश्न आकड्यांचा नाहीच. ही कल्पना चालावी तरी का? उच्चांक ओलांडल्यावर भाव आणखी वर जावा, याला काही कारण आहे का? एक कारण सांगता येतं. मोठ्या संस्थांना आपली सगळी खरेदी एका दिवसात उरकता येत नाही. ती आठवडे चालते. बातमीही सगळ्यांना एकाच क्षणी पटत नाही. त्यात चढत्या भावामागे धावणारे येऊन मिळतात. त्यामुळे एकदा सुरू झालेली चाल काही काळ तशीच राहण्याकडे कल असतो. हे कारण निर्विवाद आहे असं नाही, पण ते कारण आहे. त्याच्या उलट टोकाचं उदाहरण डेव्हिड लाइनवेबर यांनी १९९० च्या दशकात मुद्दाम तयार केलं होतं. ढीगभर आकडेवारी चाळून त्यांनी शोधून काढलं की अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाशी सर्वांत छान जुळतं ते बांगलादेशातलं लोण्याचं उत्पादन. पुरेशा रकान्यांतून शोध घेतला की कशाशीही काहीही जुळतं, हेच त्यांना दाखवायचं होतं. कारण आधी आणि आकडे नंतर, हा क्रम पाळला तर असलं लोणी बरंचसं बाहेरच राहतं.

आता नियम लिहू. निफ्टीचा आजचा बंद भाव मागच्या २० सत्रांतल्या सर्वांत वरच्या बंद भावापेक्षा जास्त असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडताच चालू महिन्याच्या फ्युचर्सचा एक लॉट घ्यायचा. बंद भाव मागच्या १० सत्रांतल्या सर्वांत खालच्या बंद भावाच्या खाली गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी विकून मोकळं व्हायचं. शॉर्ट करायचं नाही. एक्सपायरीच्या आदल्या दिवशी पुढच्या महिन्यात रोलओव्हर. बस. यात ‘बाजाराचा मूड पाहून’ किंवा ‘मोठी बातमी नसेल तर’ असं एकही वाक्य नाही. असं वाक्य असलं की मागच्या तारखांना आपण नेहमीच शहाणे ठरतो.

‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ हे शब्द घाईत गळतात, आणि तिथेच सर्वांत जास्त सिस्टिम खोट्या ठरतात. नवशिका मागच्या आकडेवारीत बंद भाव पाहतो, खरेदीचा इशारा मिळाला म्हणतो आणि त्याच बंद भावाला खरेदी झाली असं मांडतो. पण आपल्याकडे निफ्टीतल्या शेअरचा बंद भाव वर्षानुवर्षं शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीवरून ठरत आला आहे. म्हणजे तो आकडा कळतो तेव्हा साडेतीन वाजून गेलेले असतात. जो भाव आपल्याला बाजार बंद झाल्यावर कळला, त्याच भावाला खरेदी कशी केली? दिवसाचा उच्चांक वापरून त्याच दिवशी सकाळी घेतलेला निर्णयही याच जातीचा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: त्या क्षणी हे मला ठाऊक असतं का?

मग आकडेवारी. निफ्टीची पायाभूत तारीख ३ नोव्हेंबर १९९५, पायाभूत मूल्य १,०००. निफ्टीचे फ्युचर्स मात्र जून २००० पासूनच आहेत. त्याआधीची चाचणी म्हणजे बाजारात नसलेल्या वस्तूची खरेदी. एनएसईच्या रोजच्या भावकॉपीतून जुने भाव जमवता येतात, पण जमवलेला आकडा स्वच्छ असेलच असं नाही. ५ ऑक्टोबर २०१२ ची नोंद पाहा. एका ब्रोकरकडून चुकीच्या आकाराच्या विक्रीच्या ऑर्डरी गेल्या आणि निफ्टी काही क्षणांत सुमारे ९०० पॉइंट म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास कोसळला; व्यवहार थोडा वेळ थांबवावे लागले. त्या दिवसाचा नीचांक आकडेवारीत आजही आहे. स्टॉपलॉसची सिस्टिम तपासताना हा दिवस काढून टाकायचा की ठेवायचा? माझं मत ठेवायचा. ते सौदे खरोखर झाले होते, आणि अशा दिवशी आपला स्टॉपलॉस कुठल्या भावाला लागेल याची हमी कोणीही देत नाही.

निर्देशांकाऐवजी एकेका शेअरवर सिस्टिम चालवायची असेल तर दोन खड्डे आणखी खोल आहेत. पहिला बोनस आणि स्प्लिटचा. रिलायन्सच्या एकास एक बोनसची रेकॉर्ड तारीख २८ ऑक्टोबर २०२४ होती. जुने भाव दुरुस्त केले नसतील तर संगणकाला त्या सुमारास शेअर निम्म्यावर आलेला दिसतो आणि तो बिचारा घाबरून विकून टाकतो. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे, कारण तो दिसतच नाही. आज निफ्टीत असलेल्या ५० कंपन्या घेऊन मागच्या वीस वर्षांची चाचणी करणं म्हणजे जे टिकले त्यांनाच पटावर बसवणं. सत्यमचा घोटाळा ७ जानेवारी २००९ रोजी उघड झाला तेव्हा ती कंपनी निफ्टीत होती. काही दिवसांत ती निघाली आणि तिच्या जागी रिलायन्स कॅपिटल आली. ती पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. येस बँक मार्च २०२० मध्ये बाहेर पडली. आजच्या यादीत यांतलं कोणीच नाही, म्हणून आजच्या यादीवर घेतलेल्या चाचणीत यांच्यातला तोटाही नाही. त्या त्या तारखेला निर्देशांकात कोण होतं, ती यादी मिळवायला कष्ट पडतात. ते कष्ट टाळायचे असतील तर आपल्यासारखं निर्देशांकावरच काम करावं.

पण निर्देशांकावर काम केलं तरी निर्देशांक काही विकत मिळत नाही. विकत मिळतं फ्युचर, आणि ते सहसा निर्देशांकापेक्षा थोडं महाग असतं. फरक साधारण व्याजाइतका, त्यातून लाभांश वजा. महिन्याला अर्धा टक्का धरला तर २५,००० च्या निफ्टीवर तो सव्वाशे पॉइंट होतो, आणि दर एक्सपायरीला तेवढा विरून जातो. आठ महिने खरेदीत राहणारी सिस्टिम निर्देशांकाच्या तक्त्यावर तपासली तर हजारभर पॉइंट कागदावर फुकट मिळाल्यासारखे दिसतात. मार्जिन म्हणून लिक्विड फंड किंवा सरकारी रोखे तारण ठेवले तर त्यांच्या व्याजातून यातलं बरंचसं भरून निघतं. मग ते व्याजही हिशोबात धरावं. एक बाजू धरायची आणि दुसरी सोडायची, असं नको.

खर्चाचा हिशोब तर प्रत्यक्ष करूनच पाहावा. २०२५ मधलं उदाहरण घेऊ: निफ्टी २५,०००, लॉट ७५ चा. म्हणजे एका कराराचं मूल्य १८ लाख ७५ हजार. ऑक्टोबर २०२४ पासून फ्युचर्सच्या विक्रीवरचा एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला. त्याचे ३७५ रुपये. ब्रोकरेज, एक्स्चेंजचं शुल्क, जीएसटी आणि मुद्रांक शुल्क धरून घेण्या-विकण्याच्या एका फेरीला साधारण साडेपाचशे. लॉटने भागलं की सात पॉइंट. त्यात स्लिपेज, म्हणजे आपण मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांतला फरक. जाता-येता मिळून चार पॉइंट धरू. एकूण ११.

आता आपली सिस्टिम वर्षाला आठ सौदे करते असं समजा. खर्च ८८ पॉइंट, बोलण्यासारखा नाही. त्याच निफ्टीवर रोज दोन सौदे करणारी एखादी इंट्राडे सिस्टिम घ्या. वर्षात सुमारे २५० सत्रं, म्हणजे ५०० सौदे, म्हणजे ५,५०० पॉइंट. निर्देशांकाच्या पंचमांशाहून अधिक रक्कम दर वर्षी आधी कमवायची आणि मग शून्यावर उभं राहायचं. दिवसाच्या आत खेळणाऱ्या कितीतरी कल्पना या एकाच गुणाकारात संपतात. हे दर वरचेवर बदलतात. म्हणून जुन्या वर्षांना जुने आणि पुढच्या वर्षांना नवे दर लावावेत, आणि दर दुप्पट झाले तरी सिस्टिम तगते का, हेही पाहून ठेवावं.

एवढं झाल्यावर चाचणी चालवायची. एक्सेलमध्ये होते, अ‍ॅमीब्रोकरमध्ये होते, पायथनमध्येही होते. साधनावरून वाद घालण्यात अर्थ नाही. चढत जाणारी नफ्याची रेषा दिसली की लोक तिथेच थांबतात, पण खरी माहिती सौद्यांच्या यादीत असते. ती यादी ओळीओळीने वाचावी. आपल्या यादीतल्या दोन ओळी मी मुद्दाम इथे देतो.

२३ मे २०२४ रोजी निफ्टी २२,९६८ च्या आसपास, विक्रमी पातळीवर बंद झाला. वीस सत्रांचा उच्चांक मोडला, २४ तारखेच्या सकाळी खरेदी. ३ जूनला एक्झिट पोलच्या उत्साहात निफ्टी २३,२६४ वर गेला. ४ जूनला लोकसभेचे निकाल लागले, अपेक्षेपेक्षा वेगळे, आणि निफ्टी जवळपास सहा टक्के पडून २१,८८५ ला बंद झाला. दहा सत्रांचा नीचांक तुटला. नियमाप्रमाणे ५ जूनच्या सकाळी विक्री. त्याच दिवशी निफ्टी उसळून २२,६२० वर, आणि ७ जूनला २३,२९० वर बंद. पुन्हा वीस सत्रांचा उच्चांक! नियमाप्रमाणे १० जूनच्या सकाळी, चार-पाच दिवसांपूर्वी विकलेलंच, हजाराहून अधिक पॉइंट वर पुन्हा घ्यायचं. ही दुसरी खरेदी मग ५ ऑगस्टपर्यंत टिकली. त्या दिवशी जगभरच्या पडझडीत निफ्टी २४,०५५ वर बंद झाला आणि बाहेर पडण्याचा इशारा आला.

नुसत्या इशाऱ्यांच्या बंद भावांवरून पाहिलं तर पहिल्या सौद्यात सुमारे १,०८० पॉइंट गेले आणि दुसऱ्यात ७६५ मिळाले. म्हणजे मे ते ऑगस्ट निफ्टी हजार पॉइंट वर गेला आणि आपण तीनशे पॉइंट खाली राहिलो. प्रत्यक्षात ५ जूनला बाजार वरच उघडल्यामुळे पहिला तोटा थोडा हलका झाला असता. एखाद्या दिवशी नेमकं उलटही घडतं. यात सिस्टिम कुठेही चुकली नाही, तिने सांगितलं ते केलं. पण ४ जूनची रात्र आणि १० जूनची सकाळ, या दोन्ही वेळा बोट बटणावर गेलं असतं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. नफ्याची रेषा पाहून ते ठरवता येत नाही. ही यादी वाचूनच येतं.

अशा सिस्टिममध्ये तोट्याचे सौदे जास्त असतात, हा तिचा स्वभावच आहे. समजा १०० पैकी ३८ सौदे नफ्यात गेले आणि सरासरी नफा सरासरी तोट्याच्या २.६ पट होता. मग दर सौद्यामागे मिळकत ०.३८ गुणिले २.६ वजा ०.६२, म्हणजे तोट्याच्या एककाचा साधारण सदतीस टक्के भाग. छान आहे. पण ६२ टक्के सौदे तोट्यात जाणार असतील तर १०० सौद्यांत कुठेतरी सलग आठ तोटे लागण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते. वर्षाला आठ सौदे, म्हणजे एखादं अख्खं वर्ष एकही सौदा नफ्यात न जाता जाऊ शकतं, आणि तरीही सिस्टिम बिघडलेली नसते.

आणि हे ३८ टक्के तरी किती भरवशाचे? इतक्याच सरासरी नफ्या-तोट्यावर तोटा टाळायला किमान २८ टक्के सौदे नफ्यात जावे लागतात. चाचणीत फक्त ३० सौदे असतील तर संख्याशास्त्र सांगतं की खरा आकडा २० ते ५६ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे काहीच कळलं नाही. पंचवीस वर्षांचे दोनशे सौदे असतील तर पट्टा ३१ ते ४५ असा आवळतो. त्याची खालची कडही २८ च्या वर आहे. इथे कुठे बोलायला जागा होते. ‘गेल्या सहा महिन्यांत ८० टक्के सौदे नफ्यात’ अशी जाहिरात दिसली की आधी सौदे किती ते विचारावं.

मोह सुरू होतो तो यानंतर. वीसच दिवस का? अठरा का नको? संगणकाला सांगितलं की तो सगळं चाळून देतो. खरेदीचे दिवस १० पासून ६० पर्यंत पाचाच्या टप्प्याने, विक्रीचे ५ पासून ३० पर्यंत, आणि सोबत स्टॉपलॉसचे पाच प्रकार: ११ गुणिले ६ गुणिले ५, म्हणजे ३३० जोड्या. कल्पनेत काहीही दम नसला तरी वीसात एक या प्रमाणात सोळा-सतरा जोड्या केवळ योगायोगाने भारी दिसतील. त्यांतली सर्वांत वरची निवडायची आणि तिला सिस्टिम म्हणायचं, हे घराघरात चालतं. सॉफ्टवेअरमध्ये तर त्यासाठी बटणच असतं. लाइनवेबर यांचं लोणी मागच्या दाराने आत येतं ते असं.

चाळणी लावू नये असं नाही. लावल्यावर काय पाहायचं, ते बदलायला हवं. सर्वांत उंच आकडा पाहू नये, त्याच्या शेजारचे पाहावेत. २० आणि १० ला नफा आहे, २५ आणि १० ला आहे, १५ आणि १० लाही थोडा कमी पण आहे, तर कल्पनेत काही तथ्य असावं. ३५ आणि १५ ला घबाड आणि ३० व ४० ला तोटा, तर ते घबाड दोन-चार सुदैवी तारखांचं आहे. आणि किती जोड्या चाळल्या याची नोंद वहीत प्रामाणिकपणे ठेवावी. टाकून दिलेले प्रयोगही त्यात यावेत. पहिल्याच प्रयोगात मिळालेला निकाल आणि तीनशेव्या प्रयोगात मिळालेला तोच निकाल, यांची किंमत सारखी नसते.

याच कारणासाठी आकडेवारीचा एक तुकडा सुरुवातीलाच कुलूपबंद करायचा असतो. समजा २००० ते २०१५ वर कल्पना घडवली. २०१६ ते २०२० वर एकदा पडताळली. २०२१ पासूनचं कोणी उघडूनही पाहायचं नाही; सगळं ठरल्यावर एकदाच पाहायचं. तिथे निकाल वाईट आला म्हणून नियम सुधारून पुन्हा त्याच तुकड्यावर चालवला, की कुलूप तुटलं. तो तुकडा आता पडताळणीचा राहिला नाही. रॉबर्ट पार्डो यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली ‘वॉक-फॉरवर्ड’ची रीत यापुढची आहे: पाच वर्षांवर आकडे ठरवायचे, सहाव्या वर्षी ते तसेच चालवायचे, मग एक वर्ष पुढे सरकून पुन्हा तेच. सगळी सहावी वर्षं जोडून जो निकाल येतो तोच खरा मानायचा. तो मूळ निकालापेक्षा जवळजवळ नेहमीच फिका असतो.

निवडलेल्या काळात सगळे ऋतू आले का, हेही बघावं लागतं. २००४ ते २००७ ची तेजी आणि २००८ चा साठ टक्क्यांचा उतार दोन्ही हवेत. मार्च २०२० चा तो आठवडा हवा, जेव्हा २३ तारखेला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला. शिवाय बाजाराचे नियमच बदलतात. बँक निफ्टीच्या साप्ताहिक एक्सपायरीवर उभ्या असलेल्या कितीतरी सिस्टिम नोव्हेंबर २०२४ मध्ये एका परिपत्रकाने बंद पडल्या, कारण ती एक्सपायरीच राहिली नाही. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्सपायरी गुरुवारवरून मंगळवारी आली. ‘गुरुवारी दुपारी दोननंतर’ असा नियम असणाऱ्यांनी मग मागची सगळी चाचणी नव्याने समजून घेतली असेल, अशी आशा.

तुलना कशाशी करायची? शून्याशी नव्हे. नोव्हेंबर १९९५ चा १,००० चा निफ्टी सप्टेंबर २०२४ मध्ये २६,००० च्या वर होता. लाभांश सोडून वर्षाला सुमारे १२ टक्के. काहीही न करता इंडेक्स फंडात बसलेल्या माणसाला साधारण हे मिळतं, आणि वर्षाहून जास्त ठेवलं तर करही भांडवली नफ्याच्या सवलतीच्या दराने. फ्युचर्सचा नफा धंद्याचं उत्पन्न म्हणून आपल्या स्लॅबने करपात्र होतो. तेव्हा वर्षाला १३ टक्के देणारी सिस्टिम करानंतर हरलेलीच असते. ती ठेवायची तर एकाच कारणासाठी: तिने २००८ सारख्या वर्षी घसरण कितीतरी कमी सोसली असेल तर. पन्नास टक्के गमावलेल्याला मूळ जागी यायला शंभर टक्के कमवावे लागतात, वीस गमावलेल्याला पंचवीस. हा फरक मोलाचा आहे.

उरला आकार. टर्टल लोक २० दिवसांच्या सरासरी चढउतारावरून, ज्याला एटीआर म्हणतात, सौदा किती मोठा करायचा ते ठरवत. आपणही १० लाखांच्या भांडवलावर दर सौद्यात एक टक्का, म्हणजे १० हजार रुपये जोखीम ठरवू. निफ्टीचा एटीआर २०० पॉइंट धरला आणि स्टॉपलॉस दोन एटीआरवर लावला, तर ४०० पॉइंट गुणिले ७५, म्हणजे एकाच लॉटची जोखीम ३० हजार. तीन टक्के! एक टक्क्याचा नियम पाळायचा तर ३० लाख हवेत. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून कराराचं किमान मूल्य १५ लाखांवर नेल्यापासून हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. चाचणीत उत्तम उतरलेली सिस्टिम आपल्या खिशात मावत नाही, हा निष्कर्षही चाचणीचाच आहे, आणि तो पैसे लावण्यापूर्वी कळलेला बरा. अशा वेळी तेच नियम निफ्टीच्या ईटीएफवर चालवता येतात. नफा कमी वाटेल, पण एक टक्का एक टक्काच राहील.

शेवटी काही महिने कागदावर सौदे, मग अगदी लहान रकमेवर खरे सौदे. यात नफा पाहायचा नसतो. चाचणीने सांगितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत किती अंतर पडतं, इंटरनेट गेलं तर काय होतं, रोलओव्हर विसरला जातो का, आणि नियम मोडण्याची हुक्की किती वेळा आली, ते पाहायचं. शेवटच्या रकान्यातली नोंद बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाची तीच असते.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. इतकं सगळं तपासायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी तयार अल्गो, म्हणजे संगणकावर आपोआप चालणाऱ्या सिस्टिम, विकणारे अर्थातच हजर असतात. त्यांच्याबाबत दोन नियम ठाऊक असू द्यात. अल्गोचा मागचा किंवा अपेक्षित परतावा सांगणाऱ्या प्लॅटफॉर्मशी ब्रोकरने संबंध ठेवू नयेत, असं सेबीने २ सप्टेंबर २०२२ रोजीच बजावलं आहे. आणि ज्याचे नियम आत दडलेले आहेत असा अल्गो विकणाऱ्याला रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी करावी लागते, असं फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात म्हटलं आहे. विकत घ्यायचाच असेल तर आधी नोंदणी क्रमांक मागा, मग सौद्यांची संपूर्ण यादी मागा, आणि ही जोडी निवडण्याआधी किती जोड्या चाळल्या ते विचारा. तिसऱ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.